तिसऱ्या गाठीवरची बशी

जनकाबाईच्या घरी एक बशी आहे, तिच्यातून गेल्या चाळीस वर्षांत कोणी चहा प्यायलेलं नाही. पाहुणे वाढले, कपबशा कमी पडल्या, तरी ती फळीवरून खाली येत नाही. सुनेच्या माहेरची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा बशा पाच आणि माणसं सहा होती. जनकाबाईने आपला चहा स्टीलच्या पेल्यात घेतला, बोटं भाजून घेतली, पण त्या बशीला हात लावला नाही. सून नवी होती, तिला वाटलं सासू कंजूष आहे.

मग ही बशी कामाची तरी कशाची, असं तुम्ही विचाराल. तर ती दरवर्षी ऑक्टोबरात धोंडी नदीच्या डोहात उतरते, सुतळीच्या शिंक्यात बसून. ती पाण्याखाली दिसते की नाही, यावर आख्ख्या खालच्या टेंभुरण्याचा गहू ठरतो. खोटं वाटत असेल तर जानेफळवरून या, फाट्यापासून चार किलोमीटर आहे, रस्त्याचं मात्र काही विचारू नका. आणि आलात तर जनकाबाईला "बशी दिसली का?" असं चुकूनही म्हणू नका. दिवसाला पन्नास माणसं तिला हेच विचारतात, आणि एकावन्नाव्याला ती काय बोलेल याचा भरवसा नाही.

बाई साठी ओलांडलेली. उंचीने बेताची, आवाजाने अजिबात नाही. नवरा नागसेन जाऊन आठ वर्षं झाली. घरात मुलगा देवानंद, सून समता, आणि नदीकाठी एक एकर रान. ते एक एकरही तिने आणि नागसेनने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात वाकून उभं केलेलं, म्हणून त्यातलं ढेकूळसुद्धा जनकाबाईला ओळखीचं.

आता नदीचं सांगतो. कागदावर धोंडीला नाला म्हणतात. गाव नदी म्हणतं, आणि गावात चहा प्यायचा असेल तर तुम्हीही नदीच म्हणा. तिच्यावर गावाला लागून दगडी खांबांचा बंधारा आहे, खांबांच्या मधे सात गाळे. पावसाळाभर ते मोकळे असतात, पाणी धावत निघून जातं. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांतून लोखंडी गेटं खाली सोडायची, फटींत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणि काळी माती ठोसायची. मग मागे पाणी तुंबतं, आजूबाजूच्या विहिरी फुगतात आणि माघापर्यंत गव्हा-हरभऱ्याला पाण्याची ओढ पडत नाही. सगळी गोम गेटं कधी सोडायची यात आहे. लवकर सोडली तर मागून पूर येऊन गेटं घेऊन जातो. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

चार वर्षांपूर्वी पंचायतीने अशीच घाई केली. नदी लालभडक गढूळ वाहत होती आणि यांनी गेटं सोडली. आठ दिवसांनी वरून लोंढा आला. दोन गेटं कागदासारखी वाकली, बाजूचा काठ खचला, आणि देवानंदच्या रानातली पाच-सहा गुंठे काळी माती बघता बघता नदीत गेली. जे पाणी राहिलं ते सगळं गाळाने भरलेलं. उन्हाळ्यात तो गाळ उपसायला रोजगार हमीवर जनकाबाईच होती. घमेलं घमेलं करत तिने आपल्याच शेताची माती डोक्यावरून परत काठावर आणली. त्या दोन महिन्यांत ती गाळाला जितक्या शिव्या देत होती, तितक्या तिने सासूलाही दिल्या नसतील.

पुढच्या ग्रामसभेत गेटांचा विषय निघाला तेव्हा जो तो जमिनीकडे बघायला लागला. जबाबदारी कोणाच्या अंगावर घ्यायची? तेव्हा मागून जनकाबाई उठली आणि म्हणाली की पाणी गढूळ आहे तोवर गेटं टाकायचीच नाहीत. वरून माती येते आहे म्हणजे वर अजून काहीतरी धावतं आहे, नदी शांत झालेली नाही. पाणी निवळलं की समजायचं तिचं येणं-जाणं संपलं. सरपंच रामरावने हसून विचारलं की निवळलं हे सांगणार कोण. ती म्हणाली, मी सांगीन. सभा हसली, आणि जे काम कोणालाच नको होतं ते जनकाबाईच्या गळ्यात पडलं.

घरी येऊन तिने विचार केला. डोळ्याने पाणी पाहायचं तर सकाळी वेगळं दिसतं, दुपारी वेगळं. पाण्यात काहीतरी पांढरं सोडायला हवं, रोज एकच वस्तू, रोज एकाच जागी. पांढरं म्हटल्यावर तिची नजर फळीवर गेली.

ती बशी मुळात गावच्या हॉटेलातली. चाळीस वर्षांपूर्वी बौद्धवाड्यातल्या माणसांसाठी तिथे दोन कपबशा बाहेरच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. उभ्याने चहा प्यायचा, आपली कपबशी आपण विसळायची आणि कोनाड्यात पालथी घालायची. हॉटेल रामरावच्या बापाचं. रामराव तेव्हा शाळेत जात होता. नागसेन बावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेलं, डोकं तापट. एका सकाळी त्याने चहा प्यायला, कपबशी विसळली आणि कोनाड्यात न ठेवता सदऱ्याखाली घालून सायकलवर बसला. कप वाटेत फुटला. बशी वाचली, नुसता काठाचा एक टवका उडाला. घरी येऊन त्याने ती नव्या बायकोच्या हातात दिली आणि सांगितलं, "यातून आता कोणीच पिणार नाई." दुसऱ्या दिवशी वस्तीतली सगळी पोरं हॉटेलात आत जाऊन बाकावर बसली. चार दिवस कुरबुर झाली, पाचव्या दिवशी चहा बाकावर आला. बाहेरचा कोनाडा आपोआप रिकामा झाला. ते हॉटेलही आता राहिलेलं नाही, तिथे मोबाईलचं दुकान आहे.

ही बशी आपल्या हॉटेलातली, हे रामरावला ठाऊक नव्हतं. जनकाबाईने कधी सांगितलंही नाही. तिचं म्हणणं, ती कपबशी त्याने थोडीच ठेवली होती.

तर पांढरी, हिरव्या काठाची, टवका उडालेली ती बशी तिने खाली घेतली. सुतळीचं शिंकं विणलं, खाली वजनाला दगड बांधला, दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या. डोहाच्या काठी एक मोठा खडक आहे, त्यावर पालथं पडून बशी सोडायची. पहिल्या वर्षी तिने रोज पाहिलं आणि ठरवलं की तिसऱ्या गाठीपर्यंत सोडलेली बशी वरून दिसली पाहिजे, टवक्यासकट. दिसली की गेटं. त्या वर्षी पाणी फेब्रुवारी संपेपर्यंत टिकलं. एक तरुण इंजिनियर बाई पाहणीला आल्या होत्या, त्यांनी ते शिंकं बघून सांगितलं की प्रयोगशाळेत याच कामाची अशीच एक तबकडी असते, आणि विचारलं की हे तुम्हाला शिकवलं कोणी. जनकाबाई म्हणाली, "चिखलानं."

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. चौथ्या वर्षी, म्हणजे यंदा, बशीने गावाला वेड लावलं.

पाऊस वेळेत गेला. दसऱ्याला आभाळ धुतल्यासारखं निळं. घरोघर सोयाबीनचे ढीग, मळणी यंत्राची धूळ, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, आता गेटं टाका. जनकाबाईने बशी सोडली. पहिल्या गाठीवर दिसली, दुसरीवर नाहीशी झाली. ठीक आहे, चार दिवस जाऊ द्या. चार दिवसांनी तेच. आठ दिवसांनी तेच. आभाळ कोरडं, ऊन खणखणीत, आणि पाणी मात्र चहासारखं. नदीची धार रोज बोटभर उतरत होती. म्हणजे रोज बोटभर गहू वाहून चालला होता, असं लोक म्हणत आणि ते खोटंही नव्हतं.

कोणीतरी शोध लावला की म्हशी डोहात बसतात म्हणून पाणी गढूळ होतं. रामरावने दवंडी दिली, दोन दिवस एकही म्हैस नदीवर न्यायची नाही. गावातल्या सगळ्या म्हशी दावणीला. त्यांनी दोन दिवस असा काही हंबरडा मांडला की गावात कोणाला फोनवर बोलता येईना. बायकांनी बादल्या बादल्या पाणी ओतून म्हशींना अंघोळी घातल्या आणि जनकाबाईच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी बशी सोडली. दुसऱ्या गाठीवर नाहीशी.

रामरावची पंचाईत वेगळीच होती. त्याने जलपूजनाची तारीख काढून ठेवली होती. पाहुणे ठरले, फलक छापले, मंडप सांगितला. माणूस वाईट नाही, पण तारीख ठरली की त्याला बाकी काही सुचत नाही. तो खडकावर आला आणि जनकाबाईच्या शेजारी बसून हळूच म्हणाला, "जनकाबाई, ते तिसरी गाठ जराशी वर बांधून घ्या ना."

"गाठ वर घेतल्यानं पाणी निवळत असतं, तं मी ते कधीचीच घेतली असती," जनकाबाई म्हणाली.

रामराव उठला. जाताना त्याने स्पष्ट सांगितलं की सोमवारपर्यंत वाट पाहू. सोमवारी बशी दिसो न दिसो, गेटं पडतील. आणि पुढच्या वर्षीपासून हे काम पंचायत ठेकेदाराला देईल, म्हणजे कोणाच्या बशीचा प्रश्नच नको.

ते जनकाबाईला लागलं. तिने तसं दाखवलं नाही, पण त्या दिवशी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. देवानंदनेही जेवताना तोंड उघडलं. गव्हाचं बियाणं घरात येऊन पडलं आहे, सगळं गाव म्हणतं आहे तर तू एकटीच कशाला अडून बसतेस, बशी म्हणजे काय देव आहे का. जनकाबाई भाकरी मोडत राहिली. खरं सांगायचं तर तिलाही भीती वाटायला लागली होती. आपण चुकत असू तर? तीन वर्षं जमलं म्हणून चौथ्या वर्षी जमेलच असं कोणी सांगितलं आहे? आपल्या हट्टापायी चाळीस घरांचं पाणी वाहून गेलं तर लोक नागसेनच्या बशीलाच नावं ठेवतील. या विचाराने तिने ताट बाजूला सारलं.

समता भांडी घासता घासता म्हणाली, "आत्याबाई, गढूळ पाणी इथं होऊन नाई राह्यलं. ते वरूनच येऊन राह्यलं. वर जाऊन पाहू ना आपण."

इतकी साधी गोष्ट, आणि इतक्या दिवसांत एकाच्याही डोक्यात आली नव्हती. सगळं गाव खडकावर उभं राहून खाली पाण्यात पाहत होतं. जनकाबाईने सुनेकडे असं पाहिलं की जणू ती आजच लग्न होऊन घरात आली आहे, आणि शनिवारी सकाळी दोघी निघाल्या. पिशवीत चार भाकरी, ठेचा, कांदा आणि बशी.

नदीच्या काठाकाठाने त्या वर चालत गेल्या. जिथे उतरता येईल तिथे उतरून बशी पाण्यात ठेवायची, बघायची, पुढे जायचं. कुदळेच्या मळ्यापाशी गढूळ. वडाच्या वळणावर गढूळ. तीन-साडेतीन किलोमीटरवर दोन ओहोळ एकत्र येऊन धोंडी होते, तिथे दोघी थांबल्या. जनकाबाईने लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात शिरली. डाव्या ओहोळात बशी तळाला ठेवली. काठाची हिरवी रेघ, टवका, सगळं लख्ख, वरून एक मासोळी गेली तिची सावलीसुद्धा बशीत पडली. उजव्या ओहोळात ठेवली. हात मनगटापर्यंत जाईतो बशी गायब.

समताला आनंदाने नाचावंसं वाटलं. चोर सापडला होता. पण सासू पाण्यातच उभी होती, हलेना.

"आत्याबाई, हा ओहोळ तं तुमच्या माहेराकडून येते," समता म्हणाली.

"हाव. तेच पाहून राह्यली मी," जनकाबाई म्हणाली.

वरचं टेंभुरणं हे तिचं माहेर. तिथे गावाच्या डोक्यावर जुना मातीचा बंधारा आहे, लहानपणी ती त्याच्या पाळीवर शेळ्या राखायची. आई-बाप गेले, आता धाकटा भाऊ इंद्रभान. भाऊबीजेला जाते, साडी घेते, येते. भावावर तिचा जीव आहे. पण त्याच्या अकलेबद्दल तिने लहानपणीच आशा सोडली होती.

इंद्रभान अंगणातच भेटला. बहीण भाऊबीजेच्या आधीच आली म्हणून तो हरखून गेला, भावजयीने लगेच चहाचं आधण ठेवलं. आणि इंद्रभानला तर कोणाला तरी दाखवायचंच होतं की त्याने उन्हाळ्यात केवढा मोठा पराक्रम केला आहे. पाळीच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून त्याने तीन इंची पाइप टाकला होता. मोटर नको, वीज नको, आपोआप पाणी थेट रानात. चर वरून मुरूम-गोटे लोटून बुजवला की झालं काम. कोणाला विचारलं नाही, विचारायचं कशाला, पाळ गावाची म्हणजे आपलीच. सांगताना त्याची छाती फुगली होती.

जनकाबाई म्हणाली, चहा राहू दे, पाइप दाखव.

पाळीच्या पायथ्याशी गेल्यावर तिला काही विचारावं लागलं नाही. पाइपाच्या तोंडातून पाणी येत होतं ते काचेसारखं. पण पाइपाच्या बाजूने, मातीतून, मनगटाएवढी दुसरी धार बाहेर पडत होती, आणि ती पिवळी-तांबडी होती. इंद्रभान पाइपातलं पाणी ओंजळीत घेऊन दाखवत होता की अक्का, बघ किती स्वच्छ. जनकाबाईने बशी त्या दुसऱ्या धारेखाली धरली, भरली, पदराखाली झाकून घरी आणली आणि ओट्यावर ठेवून दिली. मग चहा घेतला. सगळ्यांची खुशाली विचारली. भावजयीच्या गुडघ्याचं, पुतणीच्या नर्सिंगचं, शेजारच्या भांडणाचं. इंद्रभान मधून मधून बशीकडे बघत होता. अर्ध्या तासाने पाणी वर निवळलं आणि तळाशी मातीचा थर बसला. जनकाबाईने पाणी हळूच ओतून दिलं आणि बशी भावासमोर धरली.

"हे कायची माती हाये, इंद्रभान?"

त्याने बोट लावून पाहिलं. बोटाला चिकट थर लागला.

"पाळीची हाये. आतून रोज खाऊन राह्यलं पाणी तिले. पाळ गेली तं पह्यलं तुह्यं रान जाईन, मंग माह्यं. भाऊबीजेची साडी घेते मी, पण तुह्या घरचं असं घेणं मले नको, भाऊ."

इंद्रभानचा चेहरा बघवेना. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण बहिणीसमोर पुन्हा तोच पोरगा झाला, शेळी हरवून आलेला. तो एवढंच म्हणाला की अक्का, मी पाइप आत्ता काढतो. जनकाबाई म्हणाली, आत्ता काढलास तर पाळच हातात येईल, बस गप. आणि समताला म्हणाली, लाव रामरावला फोन.

रामराव मोटरसायकलवर आला तो फणफणतच. सोमवारी पूजन, इथे मंडपवाला फोनवर फोन करतो आहे, आणि ही बाई आपल्याला माहेर दाखवायला बोलावते. पाळीच्या पायथ्याशी बसून त्याने त्या गढूळ धारेच्या भोकात हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. खांद्यापर्यंत हात आत गेला आणि बोटाला आतला काठ काही लागला नाही. त्याने हात बाहेर काढला आणि तसाच मातीत बसून राहिला. गेटं सोमवारी पडणार होती. त्यानंतर ही पाळ फुटली असती तर सातही गाळे, काठ आणि काठावरची शेतं काय झाली असती, याचा हिशोब करायला त्याला कोणाची गरज नव्हती.

मग मात्र माणूस कामाचा. त्याने तिथूनच फोन लावले. पाहुण्यांनाही लावला आणि सांगितलं की कार्यक्रम पुढे गेला, बशी दिसली नाही. पाहुण्यांना काय कळलं कोण जाणे. दोन ट्रॅक्टर भरून खालच्या टेंभुरण्याची माणसं आली, खताची रिकामी पोती आली, वरच्या गावाने फावडी काढली. आधी सांडव्याची फळी काढून पाणी पाइपाच्या खाली जाईपर्यंत उतरवलं. रविवारी सकाळी पाइप उपसला, चर पुन्हा रुंद खणला, आणि काळी माती ओली करून थरावर थर भरायला सुरुवात झाली. प्रत्येक थर पायांनी तुडवायचा. रांगेने एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, पुढे चार पावलं, मागे चार पावलं. कोणीतरी मोबाईलवर वरातीचं बॅन्डचं गाणं लावलं आणि मग तुडवणं आणि नाचणं यातला फरकच मिटला. म्हाताऱ्यासुद्धा लुगडी खोचून उतरल्या. इंद्रभानला सगळ्यांनी मधोमध घातलं होतं. कोणी म्हणे पाइपवाले, जरा जोरात, कोणी म्हणे बिनविजेचं पाणी घ्या. तो बिचारा घामाघूम होऊन हसत होता आणि सगळ्यांपेक्षा जास्त तुडवत होता. दुपारी भावजयीने दोन्ही गावांना पुरेल एवढं वांग्याचं भरीत केलं. जनकाबाई पाळीवर बसून लोकांना थर बरोबर झाला की नाही ते ओरडून सांगत होती, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की ओरडण्याची खरं तर गरज नव्हती.

संध्याकाळी पोत्यांचा शेवटचा थर बसला. पायथ्याची गढूळ धार बंद झाली. थोडं पाणी पाझरत होतं, पण ते स्वच्छ होतं. जनकाबाई म्हणाली, एवढं पाझरू दे, एवढं पाळीचं हक्काचं आहे.

सोमवारी बशी दुसऱ्या गाठीपर्यंत दिसली. मंगळवारी दुसरीच्या खाली. गुरुवारी सकाळी जनकाबाई खडकावर गेली तेव्हा तिथे उभं राहायला जागा नव्हती. सोयाबीनची कामं टाकून सगळं गाव आलं होतं. देवानंद सर्वांत पुढे, आईच्या मागे, त्या दिवशी जेवताना काय बोललो ते विसरून. जनकाबाईने शिंकं सोडलं. पहिली गाठ. दुसरी गाठ. तिसरी गाठ पाण्याला टेकली तशी ती पालथी पडली आणि बराच वेळ उठलीच नाही. लोकांचा जीव टांगणीला. शेवटी रामरावला राहवेना. पांढरा सदरा, पांढरं धोतर, तसाच तो खडकावर तिच्या शेजारी पोटावर आडवा झाला आणि पाण्यात डोळे घातले.

"दिसली," रामराव म्हणाला. "टवकाबी दिसून राह्यला."

मग काय विचारता. गेटं आधीच काठावर आणून ठेवलेली. चार-चार माणसं एका गेटाला. वरच्या टेंभुरण्याहून इंद्रभान दहा जणांना घेऊन आला होता आणि सगळ्यांत जड गेट त्याने हट्टाने आपल्याकडे घेतलं. बायकांनी जुनी लुगडी फाडून चिंध्यांचे पिळे केले. समताने आपली एक बऱ्यापैकी साडी त्यात आणली, सासूने डोळे वटारले तरी फाडली. दुपारपर्यंत सातही गाळे बंद झाले. पाणी आधी गोंधळल्यासारखं थांबलं, मग काठाकाठाने हळूहळू वर चढायला लागलं. मंडप नव्हता, पाहुणे नव्हते. रामरावने नारळ फोडला, वस्तीतल्या मंडळींनी वंदना घेतली, आणि पाणी दोन्हीकडून आपापलं वाढत राहिलं.

तीन दगडांवर मोठ्या पातेल्यात चहा झाला. कागदी कप आणले होते एका गावापुरते, आणि गावं दोन. रामराव सकाळपासून राबून चिखलाने माखला होता. तो जनकाबाईजवळ येऊन बसला आणि शेजारच्या दगडावर वाळत ठेवलेली बशी उचलायला त्याने हात पुढे केला. म्हणाला, कप नाही तर यात ओता, चालतंय.

जनकाबाईने त्याच्या आधी बशी उचलली, पदराने पुसली आणि मांडीवर ठेवली.

"यात नाई," ती म्हणाली.

रामराव हसला. त्याला वाटलं, बाईचं नेहमीचं. मग त्याची नजर बशीच्या हिरव्या काठावर थांबली. सकाळी पाण्याखाली त्याने नुसता टवका शोधला होता, आता ऊन सरळ त्या हिरव्या रेघेवर पडलं होतं. अशा कपबशा तो लहानपणी रोज शाळेतून आल्यावर मांडून ठेवायचा. दोन कुठे वेगळ्या ठेवायच्या, तेही त्याला आठवलं असणार. इंद्रभानला बशीची गोष्ट ठाऊक होती, तो नदीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे आमच्या हाटेलातली हाये," रामराव हळूच म्हणाला.

"होती," जनकाबाई म्हणाली. "आता गावाची हाये."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने आपला स्टीलचा पेला घेतला, पातेल्यातून चहा भरला आणि त्याच्या हातात दिला, वर सांगितलं की भाऊ, सांभाळून, बोटं भाजतात. रामरावने तो दोन्ही हातांनी धरला. वाढत्या पाण्याकडे बघत त्याने चहा संपवला. मग उठला, नव्या पाण्याच्या काठाशी वाकला, पेला स्वतः विसळला आणि परत येऊन जनकाबाईच्या शेजारी दगडावर पालथा घातला.

कोणी सांगितलं नव्हतं. जनकाबाईने त्या पालथ्या पेल्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिने तो उचलला, सरळ केला आणि त्यात आपल्यासाठी चहा ओतून घेतला.